वाचक विचारतात: व्हॉल्व्हचे नंबर, पिना आणि सॉकेट

या वेळी आलेली जवळपास सगळी पत्रं जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) नंबरांबद्दल आणि सॉकेटबद्दल आहेत, आणि मला त्याचा फार आनंद झाला, कारण जुना रेडिओ गप्प झाला की सगळे आधी व्हॉल्व्हवर संशय घेतात, महिनोन्महिने नवा शोधत बसतात, पण तो ज्याच्यात बसतो त्या सॉकेटकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उत्तरं वाचायच्या आधी एकच गोष्ट सांगते. या सेटमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही मोठे फिल्टर कंडेन्सर चार्ज धरून बसतात, त्यामुळे चासीखाली (सगळं ज्याच्यावर बसवलंय त्या पत्र्याच्या सांगाड्याखाली) हात घालायच्या आधी प्लग काढा, १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पुढे जा.

प्रश्न: ताई, माझ्या सेटच्या चासीवर सॉकेटशेजारी ६व्ही६जी असं छापलंय. मला एक ६व्ही६जीटी मिळतोय आणि एक नुसता ६व्ही६, पण तो काळ्या पत्र्याचा आहे, काच दिसतच नाही. तिन्ही एकच ना? कुठलाही लावला तर चालेल?

उत्तर: आतून तिन्ही एकच, फरक बाहेरच्या कवचाचा. शेवटी अक्षर नसलेला ६व्ही६ म्हणजे धातूच्या कवचाचा. असे धातूचे व्हॉल्व्ह १९३५ साली अमेरिकेत आले आणि आठ पिनांचा ऑक्टल बेससुद्धा त्यांच्याबरोबरच आला. जी म्हणजे काचेचा, उंच आणि खांद्याशी फुगीर, आणि जीटी म्हणजे काचेचाच पण आखूड आणि सरळ नळीसारखा. तुमच्या सेटला जीटी बिनधास्त लावा, उंची कमी असल्यामुळे जागेचा प्रश्नही येत नाही.

धातूचा लावायच्या आधी मात्र सेट उलटा करून सॉकेटचा १ नंबरचा लग (वायर सोल्डर करायचा कान) बघा. धातूच्या व्हॉल्व्हमध्ये १ नंबरची पिन कवचाला जोडलेली असते आणि ती चासीला अर्थ व्हावी (म्हणजे तिचं अर्थिंग व्हावं) अशी अपेक्षा असते. काचेच्या जी-जीटीमध्ये तीच पिन बहुतेक वेळा रिकामी असते, काहींत ती पिनच नसते. मग सेट बनवणाऱ्याने किंवा नंतर कधीतरी दुरुस्ती करणाऱ्याने तो लग मोकळा दिसला म्हणून त्याच्यावर दोन रेझिस्टर आणि एक वायर जोडून टाकलेली असते, आणि ती वायर एचटीची (वर सांगितलेल्या दोन-अडीचशे व्होल्ट डीसीची) असेल तर तुमच्या काळ्या व्हॉल्व्हच्या अख्ख्या कवचावर अडीचशे व्होल्ट येतील, बाहेरून काहीच कळणार नाही आणि कुणीतरी तो बदलायला हात लावेल. ६ नंबरच्या लगचंही तेच, ६व्ही६ला ती पिन लागत नाही म्हणून तिथेही जोडकाम करून ठेवलेलं सर्रास सापडतं. १ नंबरवर काही असेल तर ते काढून वेगळ्या टॅगपट्टीवर घ्या, लग चासीला जोडा, मग धातूचा व्हॉल्व्ह लावा.

जाता जाता, ६व्ही६च्या जागी ६एफ६, ६के६ किंवा ६एल६ बसतात कारण पिना त्याच आहेत, पण हीटरचा (व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेचा) करंट बघा: ६के६ ०.४ अँपिअर, ६व्ही६ ०.४५, ६एफ६ ०.७ आणि ६एल६ ०.९. छोट्या सेटच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवर ६एल६ लादायचा म्हणजे हीटरच्या वाइंडिंगवर या एका व्हॉल्व्हचा दुप्पट भार, आवाज काही दुप्पट होत नाही. ६के६ लावलात तर ट्रान्सफॉर्मरला त्रास नाही, आवाज थोडा कमी येईल.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, आजीचा रेडिओ दुरुस्त करायला घेतलाय. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूएल८४, यूवाय८५ असे व्हॉल्व्ह आहेत. एकही पेटत नाहीये. चारही एकदम कसे गेले? आणि माझ्याकडे एक ईसीएच८१ पडून आहे, पिना सेम आहेत, तो टाकून बघू का ताई?

उत्तर: चारही गेलेले नाहीत, बहुतेक एकच कुठेतरी तुटलंय. नंबरचं पहिलं अक्षर हीटर सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, सगळे हीटर समांतर. यू म्हणजे १०० मिलिअँपिअर आणि सगळे हीटर एकामागे एक सिरीजमध्ये. तुझ्या सेटमध्ये यूसीएच८१ला १९ व्होल्ट, यूबीएफ८९ला १९, यूएल८४ला ४५ आणि यूवाय८५ला ३८ व्होल्ट लागतात, उरलेला मेन्सचा व्होल्टेज एका मोठ्या वॉटच्या रेझिस्टरवर उतरवलेला असतो. या साखळीत एक कडी तुटली की सगळ्यांचाच अंधार.

ईसीएच८१ टाकू नकोस. पुढचं सगळं, म्हणजे सीएच म्हणजे ट्रायोड-हेप्टोड (एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह) आणि ८ म्हणजे नऊ पिनांचा नोव्हाल बेस, हे जुळतं, पण त्याच्या हीटरला ३०० मिलिअँपिअर लागतात आणि या साखळीत मिळणार १००, त्यामुळे तो धड पेटणारच नाही.

शोधायचं असं. प्लग काढून एकेक व्हॉल्व्ह उपस आणि मीटर ओहमवर ठेवून ४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये बघ. थंड असताना आकडा गरम असतानाच्या बराच खाली येतो त्यामुळे आकड्याची काळजी नको, सर्किट पूर्ण आहे एवढंच बघायचं. चारही नीट दाखवत असतील तर दोष सॉकेटमध्ये, त्या मोठ्या रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्याशेजारी काळी कांडी असेल तर त्या थर्मिस्टरमध्ये. सॉकेटमध्ये असेल तर हमखास ४ किंवा ५ नंबरच्या कॉन्टॅक्टवर, कारण रेडिओ चालू असेपर्यंत तिथून करंट सतत जातो, व्हॉल्व्हची उष्णताही तिथेच उतरते, आणि वर्षानुवर्षं तापून स्प्रिंगचा ताण निघून जातो.

आणि हे नीट ऐक. या प्रकारच्या सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची एक वायर सरळ चासीला असते. प्लग उलटा लागला की चासीवर फेज, आणि नॉबच्या बारीक स्क्रूवरसुद्धा. उघडा सेट चालू करायचाच असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटचा मेन्सशी थेट संबंध तोडणारा) लावूनच, आणि तो मिळेपर्यंत फक्त प्लग काढून मीटरने तपासण्या कर.

प्रश्न: सेट छान वाजतो पण मधेच आवाज जातो, आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) व्हॉल्व्हला टिचकी मारली की खर्रकन आवाज होऊन परत येतो. दुसरा व्हॉल्व्ह लावून बघितला, दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. व्हॉल्व्ह खराब की सॉकेट? आणि सॉकेट असेल तर बदलावंच लागतं का?

उत्तर: दुसरा लावल्यावर दोन दिवस ठीक चालला हेच खरं उत्तर आहे. व्हॉल्व्ह उपसून परत बसवताना पिना कॉन्टॅक्टवर घासल्या गेल्या, काळा थर थोडा निघाला, पुन्हा साचला. तरीही खात्री करायला एक करा. चालू सेटमध्ये लाकडी काडीने, पेन्सिल नको कारण शिसं करंट नेतं, आधी काचेवर वरच्या टोकाला हलकेच टकटक करा आणि मग व्हॉल्व्हला अजिबात न हलवता चासीच्या खालून सॉकेटचा एकेक लग ढकलून बघा. लग ढकलल्यावर खरखर झाली तर दोष सॉकेटचा किंवा त्या लगवरच्या सोल्डरचा. फक्त वरच्या टकटकीवर झाली तर व्हॉल्व्हच्या आतलं काहीतरी सैल आहे, किंवा ऑक्टल व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पिनेतला सोल्डर सुटलाय.

हे पिनेतल्या सोल्डरचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ऑक्टल आणि त्याआधीच्या चार, पाच, सहा पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये पिन आतून पोकळ असते, काचेतून आलेली बारीक तार त्या पोकळीतून खाली येते आणि फक्त टोकाला सोल्डर केलेली असते. तो थेंब जुना होऊन मळकट राखाडी दिसायला लागतो, तार आत नुसती टेकलेली असते आणि चांगला व्हॉल्व्ह मेला म्हणून फेकला जातो. व्हॉल्व्ह हातात पिना खाली करून धरा म्हणजे सोल्डर बेसमध्ये ओघळणार नाही, टोकाला थोडा फ्लक्स लावा, आयर्न टेकवून जुना सोल्डर वितळू द्या, नवा थोडासाच द्या, थंड झाल्यावर बाहेर आलेला गोळा कानशीने पिनेच्या जाडीपर्यंत घासून काढा. ही शेवटची पायरी कुणी गाळू नका, कारण जाड झालेली पिन आत घातली की सॉकेटचा कॉन्टॅक्ट कायमचा फाकतो आणि पुढचा व्हॉल्व्ह तिथे लटलटत राहतो.

आता सॉकेट. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश, बस. पॉलिश पेपर आत घालू नका, कॉन्टॅक्टवरचा मुलामा एकदा निघाला की तो दुप्पट वेगाने काळा पडतो. आणि चिकट तेल राहणारे स्प्रे तर नकोतच, ते सॉकेटच्या अंगाच्या फायबरमध्ये मुरतं, धूळ धरतं.

साफ केल्यावर प्रत्येक कॉन्टॅक्टची पकड वेगवेगळी तपासायची. अख्खा व्हॉल्व्ह घट्ट बसतो याचा काही अर्थ नाही, सात कॉन्टॅक्ट घट्ट आणि एक सैल असेल तरी हाताला घट्टच लागतो. मेलेल्या व्हॉल्व्हची एक पिन तोडून ठेवा, सात आणि नऊ पिनांच्या छोट्या सॉकेटसाठी साधारण १ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत सरळ तार चालते, आणि ती एकेका भोकात घालून ओढून बघा. जिथून ती न अडखळता सुटून येते तो कॉन्टॅक्ट सैल. तिथे सुई कॉन्टॅक्ट आणि सॉकेटचं अंग यांच्यामधल्या फटीत बाहेरच्या बाजूने घालून कॉन्टॅक्टचं पान आतल्या बाजूला अगदी जरासं दाबायचं आणि परत तार घालून बघायची. सुई भोकाच्या मधोमध घुसवू नका, तो कॉन्टॅक्ट आणखी उघडेल. हे काम घाईचं नाही, पितळेचं पान जुनं असेल तर एकदाच वाकतं, दुसऱ्यांदा तुटतं.

पान तुटलंच तर सगळं सॉकेट बदलावं लागेल असंही नाही. बऱ्याच जुन्या सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट वरून ढकलून बाहेर निघतो, त्याच बनावटीच्या दुसऱ्या एखाद्या मोडक्या सॉकेटमधून एक कॉन्टॅक्ट काढायचा, लगला लावलेल्या वायरी सोडवायच्या, जुना बाहेर, नवा आत, वायरी परत. फायबरच्या दोन चकत्या रिव्हेटने एकमेकींवर दाबून मधे कॉन्टॅक्ट पकडलेले असतात त्या प्रकारात मात्र हे जमत नाही, त्या चकत्या सुटल्या की परत तशा बसत नाहीत, तिथे पूर्ण सॉकेट बदला.

काळा डाग दिसला तरीही बदलाच. आऊटपुट (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) यांच्या सॉकेटमध्ये प्लेटच्या (व्हॉल्व्हमधला करंट गोळा करणाऱ्या पत्र्याच्या) लगपासून शेजारच्या हीटरच्या लगपर्यंत झाडाच्या मुळांसारखी काळी रेघ जळलेली दिसते कधी कधी. तो कोळसा आहे आणि कोळसा करंट नेतो, कितीही पुसला तरी फायबरच्या आत राहतो आणि पुन्हा तिथूनच ठिणगी पडते. स्पीकर न जोडता सेट चालू केला की आऊटपुटच्या प्लेटवर व्होल्टेजचे जबरदस्त झटके येतात आणि ही रेघ अशीच सुरू होते, म्हणून एकवेळ रेडिओ बंद ठेवा पण स्पीकरशिवाय चालवू नका. नवं सॉकेट घेताना त्या दोन जागांसाठी सिरॅमिकचं घ्या.

बदलताना वायर तोडायच्या आधी चित्र काढा, फोटो काढा, दोन्ही करा. पिनांचे नंबर खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायचे, ऑक्टलमध्ये मधल्या खाचेपासून, सात आणि नऊ पिनांच्यात जिथे मोठी फट आहे तिथून. जुने रिव्हेट वरच्या बाजूने ड्रिलने हळूहळू उडवा आणि लोखंडाचा कीस सगळा ब्रशने आणि चुंबकाने काढा, तो गँग (स्टेशन लावायच्या) कंडेन्सरच्या पानांत गेला की नवीनच खरखर सुरू होते. नवं सॉकेट ३ मिलिमीटरच्या स्क्रूने बसवा, त्याच्याखाली दातेरी वॉशर घाला. जुन्या सेटमध्ये सॉकेटच्या रिव्हेटखालीच अर्थची पट्टी दाबलेली असते आणि कॅथोडचा (व्हॉल्व्हमध्ये करंट सोडणाऱ्या टोकाचा), डीकपलिंग कंडेन्सरचा सगळा अर्थ तिथून जातो. चासी गंजली की तो रिव्हेट वरून चांगला दिसतो पण अर्थ तुटलेला असतो, सेट घुमतो, शिट्ट्या मारतो आणि माणूस व्हॉल्व्ह बदलत बसतो. तुमच्या सेटमध्येही ही पट्टी ते चासी मोजून बघा, अर्ध्या ओहमच्या वर काही दिसलं तर खरवडून परत कसा.

प्रश्न: लॉक्टल (सॉकेटमध्ये अडकून बसणारा) व्हॉल्व्ह निघतच नाहीये, जोर लावला तर काच फुटेल अशी भीती वाटते. आणि ७सी५ला खरंच ७ व्होल्ट द्यायचे का?

उत्तर: सरळ वर ओढू नका, मधल्या दांडीला सॉकेटमधली स्प्रिंग पकडून असते. बुडाशी धरून एका बाजूला कलता करा, टक् असा आवाज येऊन सुटेल. यात पिना थेट काचेत बसवलेल्या आणि बारीक असतात, त्यामुळे त्यांच्यावरचा काळेपणा दोष लवकर दाखवतो, काढलाच आहे तर साफ करून घ्या. ७ हा आकडा नुसता नावापुरता, हीटर ६.३ व्होल्टचाच, तसंच १४ने सुरू होणारे १२.६चे.

प्रश्न: ५वाय३जीटी गेला होता, ५यू४जी मिळाला, तो अगदी बरोबर बसला आणि सेट पहिल्यापेक्षा जोरात वाजतो. पण तासाभराने पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावता येत नाही. हे नॉर्मल आहे का?

उत्तर: नाही, आजच काढा तो. दोन्ही रेक्टिफायरच, पिना त्याच, २ आणि ८ फिलामेंट (तापणारी तार), ४ आणि ६ प्लेट, ५ व्होल्टही तेच, म्हणून फसायला होतं. पण ५वाय३ला फिलामेंटला २ अँपिअर लागतात आणि ५यू४ला ३. ट्रान्सफॉर्मर त्या एका जास्तीच्या अँपिअरसाठी बनवलेलाच नाही. शिवाय ५यू४ स्वतः कमी व्होल्टेज खातो म्हणून पुढे एचटी वाढते, तुम्हाला जोरात वाजतोय असं वाटतंय ते त्यामुळेच, आणि ती वाढीव एचटी फिल्टर कंडेन्सर आणि आऊटपुट व्हॉल्व्ह सोसतायत. जीझेड३४ हा रेक्टिफायर १.९ अँपिअरच घेतो त्यामुळे फिलामेंटच्या बाजूने चालतो, पण तो स्वतः आणखीनच कमी व्होल्टेज खातो, म्हणजे एचटी अजून वर. ५वाय३ मिळत नसेल आणि चार पिनांचा ८० मिळत असेल तर तो विजेच्या दृष्टीने ५वाय३च आहे, फक्त बेस वेगळा, दोन जाड पिना फिलामेंट आणि दोन बारीक प्लेट.

नऊ पिनांच्या सेटमध्ये हाच घोळ ईझेड८० आणि ईझेड८१चा होतो. पिना एक, हीटर ०.६ आणि १ अँपिअर. आणि ६एक्स५ असलेला सेट कुणाकडे असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगच्या मधल्या वायरीत एक फ्यूज नक्की टाका, या व्हॉल्व्हमध्ये हीटर आणि कॅथोड आतल्या आत चिकटायची खोड आहे आणि हीटरची एक बाजू अर्थ असेल तर सगळी एचटी जमिनीत जाऊन ट्रान्सफॉर्मर जळतो.

प्रश्न: एफएमच्या सेटमध्ये ईसीसी८५ होता. मला ईसीसी८३ मिळाला, दोन्ही डबल ट्रायोडच. लावल्यावर आतली एकच बाजू पेटलेली दिसते. व्हॉल्व्ह फॉल्टी?

उत्तर: व्हॉल्व्ह चांगला आहे, जागा त्याची नाही. ईसीसी८५मध्ये ६.३ व्होल्ट ४ आणि ५ वर लागतात आणि ९ नंबर म्हणजे दोन ट्रायोडमधल्या पडद्याची पिन, ती चासीला जोडलेली असते. ईसीसी८३मध्ये ४ आणि ५ च्या मधे १२.६ व्होल्ट लागतात आणि ९ हा हीटरचा मध्य. तुमच्या सेटमध्ये हीटरची एक बाजूही अर्थ असणार, म्हणून एका अर्ध्याला ६.३ मिळाले आणि दुसऱ्या अर्ध्याची दोन्ही टोकं चासीवर. ईसीसी८३ बाजूला ठेवा, ईसीसी८५ किंवा त्याचंच अमेरिकन नाव ६एक्यू८ शोधा.

प्रश्न: नवा ६व्ही६ लावला, पाच मिनिटांत आतली प्लेट लालबुंद. आधीचाही असाच गेला होता. सॉकेट साफ केलंय, स्वच्छ आहे.

उत्तर: आणखी एक व्हॉल्व्ह त्यात घालू नका. आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून एक कंडेन्सर येतो, जुना कागदाचा असेल तर तो नव्वद टक्के वेळा लीक झालेला असतो, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणते. त्यातून थोडासा डीसी पाझरला की ग्रिड पॉझिटिव्ह होतं आणि व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढायला लागतो. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर आऊटपुट व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करा, सॉकेटच्या ५ नंबरपासून चासीपर्यंत डीसी व्होल्ट बघा, आणि लगेच बंद करा कारण भार नसल्यामुळे एचटी वर चढते. तिथे एखादा व्होल्टसुद्धा पॉझिटिव्ह दिसला तर कंडेन्सर बदला, तेवढ्याच व्हॅल्यूचा ६३० व्होल्टचा फिल्म टाका. ईएल८४ असेल तर हेच माप २ नंबरवर.

कंडेन्सर बदलूनही व्होल्टेज दिसला तर परत सॉकेट. ६व्ही६मध्ये ४ नंबरला स्क्रीन ग्रिड असतं, तिथे पूर्ण एचटी, आणि त्याला खेटून ५ नंबरचं कंट्रोल ग्रिड. मधल्या अर्ध्या सेंटिमीटर फायबरमध्ये ओल किंवा जुना फ्लक्स मुरलेला असेल तर वरून कितीही स्वच्छ दिसो, तो गळतोच. सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, ५ वरच्या सगळ्या वायरी सोडवा आणि ४ ते ५ मोजा. मीटरने कुठलाही आकडा दाखवला तर सॉकेट गेलं.

प्रश्न: व्हॉल्व्हवरचा नंबर पुसला गेलाय. कसा ओळखू?

उत्तर: आणखी पुसू नका आणि अल्कोहोल तर अजिबात लावू नका. काच थंड असताना तोंडाची वाफ सोडा आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात फिरवून बघा, शाई गेलेली असली तरी अक्षरांच्या जागी वाफ वेगळी धरते. दिसलं की लगेच लिहून बेसवर चिठ्ठी चिकटवा. आणि आतला चंदेरी आरसा पांढरा दुधाळ झालेला असेल तर नंबर शोधायचे कष्ट घेऊ नका, आत हवा गेलीय.

प्रश्न: काच बेसमध्ये गरगर फिरते. चिकटवली तर चालेल?

उत्तर: चालेल, पण आधी फिरवणं थांबवा, आतल्या तारा एकमेकींना टेकतात. मूळ स्थितीत आणून सगळ्या पिना एकमेकींत मोजून घ्या, कुठे नको तिथे शॉर्ट नाही ना बघा, मग काच आणि बेकेलाइटच्या सांध्यावर पातळ सुपरग्लूचे थेंब सोडा, ते आपोआप आत ओढले जातात. यापुढे काढताना काच न धरता बेस धरायचा. डोक्यावरची ग्रिडची टोपी सुटली असेल तर तार तुटलेली नाही ना ते बघून आधी सोल्डर करा, मग टोपीखाली इपॉक्सी.

प्रश्न: १९३० नंतरच्या काळातला युरोपियन सेट आहे, लाल रंगाचे व्हॉल्व्ह, पिनांऐवजी बुडाच्या कडेला आठ कॉन्टॅक्ट. रंगाचे पोपडे निघतायत आणि सेट सतत शिट्टी वाजवतो. रंग परत मारू का?

उत्तर: साधा रंग मारून काही होणार नाही, कारण त्या लाल रंगाखाली धातूचा फवारा आहे आणि तो शिल्डिंगचं काम करतो. बुडाशी एक केसासारखी बारीक तार त्या थराला गुंडाळून अर्थच्या कॉन्टॅक्टला जोडलेली असते. शिट्टीचं कारण बहुतेक ती तार तुटलेली असणं हेच. मीटरचं एक टोक धातूच्या थरावर, दुसरं अर्थच्या कॉन्टॅक्टवर, सर्किट पूर्ण दिसत नसेल तर कल्हई केलेली उघडी तांब्याची तार थरावर बुडाशी चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा आणि तिचं टोक अर्थला न्या. थरच उडाला असेल तिथे ॲल्युमिनियमची फॉइल लावून तिच्यावरून तार गुंडाळा, मात्र डोक्यावरच्या टोपीपासून फॉइल लांब राहू द्या. सॉकेटच्या वाटीतल्या आठ स्प्रिंगा एकेक करून बोटाने दाबून बघा, बसलेली असेल ती हुकाने जराशी बाहेर ओढा.

प्रश्न: ६व्ही६ कुठेच मिळत नाहीये पण सात पिनांचे ६एक्यू५ आहेत. सॉकेट बदलून नवीन भोक पाडू का?

उत्तर: चासीला हात लावू नका हो. जो मेलाय त्या ६व्ही६चा बेस वापरा. व्हॉल्व्ह टॉवेलमध्ये गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा घालून काच फोडा, बेसमधले तुकडे आणि जुनं सिमेंट काढा, पिनांची टोकं तापवून मोकळी करा. वर सात पिनांचं सिरॅमिक सॉकेट बसवा आणि बेसच्या २ वरून सॉकेटच्या ३ ला, ७ वरून ४ ला, ३ वरून ५ ला, ४ वरून ६ ला, ५ वरून १ ला आणि ८ वरून २ ला इन्सुलेशन असलेली वायर न्या. हीटर दोन्हींचा ६.३ व्होल्ट ०.४५ अँपिअरच आहे आणि बाकी गुणधर्मही जवळपास तेच, पण ६एक्यू५च्या प्लेटवर २५० व्होल्टच्या वर जाऊ नका, ६व्ही६जीटी ३१५पर्यंत सोसतो, हा सोसत नाही. तुमच्या सेटमध्ये ३ नंबरवर किती आहे ते आधी मोजा. काच लहान असल्यामुळे हा जास्त तापतो, वर आणि मागे हवेला जागा ठेवा. उद्या ६व्ही६ मिळाला की हा ॲडॉप्टर उपसायचा आणि तो लावायचा, खालची एकही वायर बदलावी लागणार नाही.